कपाटातला खजिना : पदकाची कड वाचा



मागच्या वेळी आपण जुनी पोस्टकार्डं बघितली होती. आज जरा जड वस्तू हातात घेऊ या. तुमच्या घरात कुठल्यातरी जुन्या डब्यात रंगीत फितीचा एखादा बिल्ला पडलाय का? आजोबांचा, पणजोबांचा, लष्करातल्या मामाचा? असेल तर लेख वाचून होईपर्यंत तो हाताशी आणून ठेवा. नसेल तरी वाचा, कारण तो नाहीसा कसा होतो, हेही आज सांगणार आहे.

मी लखनौत राहते, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. बाबांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मी शाळेत असताना आम्ही साताऱ्याहून इकडे आलो आणि इथलेच झालो. जुन्या लखनौत नखास नावाचा भाग आहे. तिथे रविवारी बाजार भरतो. पुस्तकं, पक्ष्यांचे पिंजरे, कुलपं, घड्याळं, नाणी, काय वाट्टेल ते जमिनीवर मांडलेलं असतं. गेल्या थंडीत तिथे एका चाचांच्या ताडपत्रीवर मला एक गोल पदक दिसलं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी. वर आडवी पट्टी आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'डिफेन्स ऑफ लखनौ'.

माझे डोळेच विस्फारले. "चाचा, कितने का है?"

चाचा हसले. म्हणाले, "बिटिया, असली नहीं है. असली होता तो यहाँ जमीन पर पड़ा होता?" मग त्यांनी ते पदक माझ्या बोटांत आडवं धरायला लावलं. "किनारा देखो. असली पर आदमी का नाम होता है."

कड कोरी होती.

बीए इंग्लिश करताना मी १८५७ वर दोन निबंध लिहिले होते. पण पदक कसं वाचायचं, हे मला नखासच्या त्या चाचांनी शिकवलं. आजच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पदकाचा चेहरा सगळ्यांचा सारखा असतो. माणूस कडेवर असतो.

आधी एक फरक समजून घेऊ

आपल्याकडे 'पदक' म्हटलं की लगेच शौर्य आठवतं. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही शौर्यपदकं. एखाद्यानं केलेल्या खास पराक्रमासाठी ती मिळतात. कारगिलमध्ये १९९९ साली धारातीर्थी पडलेले आणि परमवीर चक्र मिळालेले कॅप्टन मनोजकुमार पांडे आमच्या लखनौचे. त्यांच्या ११ गोरखा रायफल्सचं केंद्रही इथल्या छावणीत आहे. आणि परमवीर चक्राची रचना केली ती सावित्री खानोलकर यांनी. जन्मानं युरोपीय, पण मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या आपल्याच झाल्या.

दुसरा प्रकार मोहीमपदकांचा. एखाद्या युद्धात, ठरावीक भागात, ठरावीक काळात जो जो सैनिक होता, त्याला ते मिळतं. कुणी शंभर जणांना वाचवलेलं असो किंवा कुणी खेचरं हाकलेली असोत, पदक एकच. १९६५ च्या युद्धाचा समर सेवा स्टार, १९७१ चे पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार, त्याच युद्धाचं संग्राम मेडल, कारगिलचा ऑपरेशन विजय स्टार, ही सगळी मोहीमपदकं. घराघरांतल्या डब्यांत बहुतेक वेळा हीच सापडतात. म्हणूनच घरच्यांना वाटतं, 'हे काय, सगळ्यांनाच दिलं होतं.' आणि डबा पुन्हा माळ्यावर जातो.

पण थांबा. 'सगळ्यांनाच' म्हणजे कुणाकुणाला? ते बघायचं तर आमच्या लखनौइतकं चांगलं उदाहरण नाही.

एक शहर, तीन पट्ट्या

१८५७-५८ च्या लढायांसाठी ब्रिटिशांनी जे पदक काढलं, ते चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. पुढे राणीचं डोकं. मागे शिरस्त्राण घातलेली ब्रिटानिया, हातात पुष्पचक्र, तिच्यामागे सिंह, वर 'इंडिया' आणि खाली सालं. पांढऱ्या फितीवर दोन लाल पट्टे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या पदकांच्या मालिकेतलं हे शेवटचं. त्यानंतर कंपनीच उरली नाही.

पदक आणि फीत यांच्यामध्ये चांदीची आडवी पट्टी बसवत. तिला क्लॅस्प म्हणतात. सैनिक नेमक्या कुठल्या लढाईत होता, ते ही पट्टी सांगते. या पदकासाठी एकूण पाच पट्ट्या निघाल्या. त्यांतल्या तीन एकट्या लखनौच्या!

पहिली, 'डिफेन्स ऑफ लखनौ'. ३० जून १८५७ ला शहराजवळच्या चिनहट इथे इंग्रज हरले आणि रेसिडेन्सीच्या आवारात अडकले. २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि आउट्रम मदतीची फौज घेऊन आत शिरले, पण तेही आतच अडकले. मूळचे आतले आणि हे नंतर येऊन अडकलेले, दोघांनाही ही पट्टी मिळाली.

दुसरी, 'रिलीफ ऑफ लखनौ'. नोव्हेंबर १८५७ मध्ये कॉलिन कॅम्बेलच्या फौजेनं वेढा फोडून आतल्या लोकांना बाहेर काढलं, त्या फौजेसाठी.

तिसरी नुसती 'लखनौ'. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर परत जिंकून घेतलं, त्या मोहिमेची.

उरलेल्या दोन म्हणजे 'दिल्ली' आणि 'सेंट्रल इंडिया'. ही शेवटची आपल्या मराठी वाचकांना टोचणारी आहे. सर ह्यू रोजच्या ज्या फौजेनं झाशी, काल्पी, ग्वाल्हेर घेतलं, तिच्यासाठी ही पट्टी होती. समोर राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे. आणि ह्यू रोजच्या बाजूनं लढणाऱ्यांमध्ये मुंबई फौजेच्या २४ आणि २५ नंबरच्या देशी पलटणी. मुंबई फौजेत तेव्हा कोकणातून आणि देशावरून भरती होत असे. म्हणजे झाशीच्या तटाच्या आत मराठी बोललं जात होतं आणि बाहेरच्या तंबूंतही.

लखनौच्या रेसिडेन्सीतही तसंच. आत लढणाऱ्यांत सुमारे ७०० हिंदी शिपाई होते. इथल्या ला मार्टिनिअर शाळेची मुलंही आत होती. निरोप पोचवणं, पंखे ओढणं, आजाऱ्यांची सेवा करणं अशी कामं त्यांनी केली. त्या शाळेला 'डिफेन्स ऑफ लखनौ' हा युद्धसन्मान मिळाला. शाळेला असा सन्मान मिळणं ही फारच दुर्मीळ गोष्ट. पुढे १८६८ मध्ये नियम सैल केला आणि ज्यांनी ज्यांनी शस्त्र हाती धरलं किंवा गोळीबाराला तोंड दिलं, अशा नागरिकांनाही पदक द्यायचं ठरलं.

एका चांदीच्या तुकड्यावर इतकी गुंतागुंत आहे. म्हणूनच हे पदक हातात आलं की 'गुलामीची खूण' म्हणून फेकूही नका आणि 'व्वा, काय रुबाब' म्हणून छातीलाही लावू नका. आधी कड वाचा. तो कुठला होता, कुठल्या पलटणीत होता, कुणाविरुद्ध आणि कशापायी लढला, ते आधी बघा.

आणि ज्यांना पदक नाही, त्यांचं काय?

मी कॉलेजला असताना मैत्रिणींबरोबर रेसिडेन्सीत नुसती फिरायला जायचे. आता गेले की भिंतींवरच्या तोफगोळ्यांच्या खुणा बघताना वेगळंच वाटतं. या भिंतींच्या आत जे होते त्यांच्या नावाची पदकं जगभरच्या संग्रहांत आहेत. भिंतीच्या बाहेर जे होते, त्यांचं काय?

बेगम हजरत महल यांनी जुलै १८५७ मध्ये आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवलं आणि पुढे लढा चालवला. हरल्यावर त्या नेपाळात गेल्या आणि १८७९ मध्ये काठमांडूत वारल्या. सिकंदर बागेत लढून मेलेल्या उदा देवींचा पुतळा आज तिथे उभा आहे. १६ नोव्हेंबर १८५७ या एकाच दिवसात लखनौच्या लढाईसाठी इंग्रजांनी २४ व्हिक्टोरिया क्रॉस दिले. हिंदी शिपायांना तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच १९११ पर्यंत नव्हती. आणि समोरून लढणाऱ्यांना मिळाली ती फाशी नाहीतर परागंदा होणं.

हरलेल्यांची पदकं निघत नाहीत. त्यांच्या आठवणी मात्र निघतात, जर कुणी लिहून ठेवल्या तर. वरसईचे विष्णुभट गोडसे पैसे मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या वणव्यात सापडले. झाशी पडताना ते झाशीतच होते. त्यांनी ते लिहून ठेवलं म्हणून 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं आणि आज आपल्याला तटाच्या आतली बाजूही वाचता येते.

पदक जमवणाऱ्यानं ही दुसरी बाजू शेजारी ठेवलीच पाहिजे. नाहीतर संग्रह म्हणजे फक्त जिंकणाऱ्यांची हजेरी होते.

आमच्या घरातला डबा

आता घरची गोष्ट. नखासहून आल्यावर मला आठवलं की साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आजीकडे एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात पणजोबांचे 'बिल्ले' आहेत. लहानपणी एकदा आम्ही भावंडांनी त्यांनी राजा-राजा खेळून मार खाल्ला होता. मे महिन्यात गावी गेले तेव्हा डबा काढला.

आत एक पितळी रंगाचा चांदणीसारखा तारा, मुकुट आणि दोन तलवारींचा, मध्ये '१९१४-१५' लिहिलेला. हा पहिल्या महायुद्धाचा १९१४-१५ स्टार. १९१५ संपायच्या आत जे रणभूमीवर पोचले होते, त्यांना तो मिळे. त्याचं नाव कडेवर नसतं, पाठीवर असतं. उलटा केला, तर पणजोबांचा नंबर, 'सिपॉय', मोडकंतोडकं नाव आणि '११७ महराट्टाज'. मराठा शब्द इंग्रज तेव्हा असाच लिहीत.

दुसरं गोल, कांस्याचं, पंखांची विजयदेवता असलेलं. हे व्हिक्टरी मेडल. इंद्रधनुष्यासारखी फीत. याच्या कडेवरही तेच नाव.

आणि एक नुसतीच फीत. मध्ये नारिंगी, मग पांढरी, काळी, कडेला निळी. तिच्याखाली काहीच नाही.

ती फीत मी मोबाइलवर शोधली आणि कळलं की ती ब्रिटिश वॉर मेडलची. ते चांदीचं असतं. पुढे पंचम जॉर्ज राजा, मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज. बहुतेक सैनिकांना ते चांदीत मिळालं, मजूर दलांतल्या आणि छावणीत काम करणाऱ्या अनेकांना कांस्यात. चांदीच्या पदकाचं वजन सुमारे ३१ ग्रॅम, जुन्या हिशेबानं पावणेतीन तोळे. म्हणूनच जगभर ही पदकं लाखांनी वितळली. १९८० च्या सुमाराला चांदीचा भाव भडकला, तेव्हा तर पोत्यांनी.

मी आजीला विचारलं, "आजी, यातला चांदीचा कुठाय?"

"त्यो मोडला."

"मोडला? कुणी?"

खरं सांगते, मला रागच आला. आपली माणसं इतिहास कसा सोनाराच्या हातात देतात, यावर एक अख्खा परिच्छेद माझ्या डोक्यात तयार झाला होता. तो मी या लेखात टाकणारही होते.

आजी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "मामंजींनीच. तुझ्या बाच्या बारशाला. घरात पैका नव्हता. सोनाराला दिला आन वाळे केले. म्हणले, राजाचं तोंड पेटीत ठिवून काय करायचं? नातवाच्या पायात वाजू दे."

मग तिनं डब्याच्या तळातलं जुन्या धोतराचं फडकं उलगडलं. आत चांदीचे दोन छोटे वाळे. बाबांच्या बारशाचे, १९६८ सालचे. माझ्या बारशालाही तेच घातले होते. घरात माझा तो फोटो आहे. इतकी वर्षं तो फोटो मी बघत आले, पण पायांत काय आहे, हे कधी विचारलं नव्हतं.

तो परिच्छेद मी लिहिला नाही. ज्याचं पदक होतं, त्यानं त्याचं काय करायचं ते ठरवलं. आपण कोण बोलणार?

मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो मी आधीच विचारायला हवा होता. "पणजोबा लढाईचं काय सांगायचे?"

"काई न्हाई. फकस्त कुणी ताटात शितं टाकली तर जेवण सोडून उठायचे. येकदा म्हणले, कुताला आमी घोडं शिजताना बघितलं."

कूत. आजीला ते गाव कुठं आहे, ठाऊक नव्हतं. मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ते आमच्या घरात आहे, हे नव्हतं. आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या वळणावर कूत अल-अमारा आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढलं. फौज कुठली, तर सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात ११७ मराठ्यांसह मराठ्यांच्या पलटणी होत्या. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपलं, तेव्हा घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. धर्म बुडेल म्हणून बऱ्याच हिंदी शिपायांनी अगदी शेवटपर्यंत ते मांस खाल्लं नाही, उपाशी राहिले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. सुमारे १३ हजार माणसं कैदी झाली. वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत त्यांतली हजारो मेली. पणजोबा परत आले.

आता गंमत बघा. रेसिडेन्सीचा वेढाही जवळपास पाच महिन्यांचाच. त्याची खास चांदीची पट्टी निघाली. पहिल्या महायुद्धातही लढायांच्या नावांच्या पट्ट्या काढायचा विचार होता, पण खर्च फार होईल म्हणून तो सोडून दिला. त्यामुळे पणजोबांच्या तीन पदकांपैकी एकावरही 'कूत' नाही. कडेवर फक्त नंबर, नाव, पलटण. बाकी सगळं त्या ताटातल्या शितांत होतं. आणि ते ठाऊक असलेलं माणूस आमच्या घरात आता एकच उरलंय.

तुमच्या घरी पदक असेल तर

आता कामाच्या गोष्टी. या जपून ठेवा.

घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही नको. चांदी काळी पडली तर पडू द्या. कडेवरची अक्षरं बारीक असतात. प्रत्येक घासण्यात ती थोडी झिजतात आणि एक दिवस नाव जातं. मऊ, कोरड्या सुती कापडानं धूळ पुसली की पुरे.

कडेचे फोटो काढा. खोलीतला दिवा बंद करा, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. तिरक्या उजेडात अक्षरं उठून दिसतात. पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा. तारा असेल तर पाठ बघा.

नाव वाचताना कान वापरा. कारकुनांनी ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहिलंय. स्पेलिंगवर जाऊ नका, मोठ्यानं वाचा. आपलं आडनाव अचानक ऐकू येतं.

जोडी फोडू नका. एका माणसाची सगळी पदकं, फिती, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, गणवेशातला फोटो, सगळं एकत्र ठेवा. वाटण्या करताना 'एक तुला, एक मला' करू नका. हवं तर एकाकडे पदकं आणि बाकीच्यांकडे फोटो.

साठवताना रबरबँड आणि स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटं टाळा. रबरातल्या गंधकानं चांदी काळी होते. सुती कापडात किंवा साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. बुटांच्या खोक्यात येते तीच.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं सापडली तर खास लक्ष द्या. ब्रिटिश सैनिकांना ती नाव न कोरताच दिली होती, पण हिंदी फौजेच्या पदकांवर सहसा नाव असतं. इटली स्टार असेल तर विचारा, आजोबा कुठल्या पलटणीत होते? नाईक यशवंत घाडगे (१९४४) आणि शिपाई नामदेव जाधव (१९४५) या मराठा वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इटलीतच. तुमचे आजोबा त्यांच्या शेजारच्या खंदकात असतील.

पुढचा शोध घ्यायचा असेल तर गावातली संगमरवरी पाटी बघा. सातारा, रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाला इथून किती माणसं गेली आणि किती परतली नाहीत, त्याची पाटी आहे. चावडीत, शाळेत नाहीतर देवळाजवळ. युद्धात गेलेल्यांचा शोध कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मोबाइलवरून फुकट घेता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांबद्दल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

जमवायची आवड लागली तर

छंद छान आहे, पण चार नियम पाळा.

एक, आधी पुस्तक, मग पदक. ज्या युद्धाचं पदक घ्यायचं, त्याबद्दल आधी वाचा. संग्रहालयात अस्सल पदक डोळ्यांनी बघा. रेसिडेन्सीतलं संग्रहालय तर मी सांगेनच, पुणेकरांना राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, नगरकरांना रणगाड्यांचं संग्रहालय आहे.

दोन, कड कोरी आहे का, खरवडलेली आहे का, ते बघा. जुनं नाव घासून नवं कोरलेलं असेल तर तिथली कड बोटाला किंचित खोलगट लागते आणि व्यास कमी भरतो. महागड्या पट्टीच्या नकला सगळ्यात जास्त. पदक अस्सल आणि पट्टी नंतर बसवलेली, असंही असतं. पावती मागा.

तीन, कायदा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. तिच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायलाही परवाना लागतो. १८५७ चं पदक यात येतं आणि आता पहिल्या महायुद्धाचंही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पोस्टानं पाठवायच्या आधी हे लक्षात ठेवा.

चार, कुणी अडचणीत म्हणून घरचं पदक विकत असेल, तर घेण्याआधी त्याला एवढंच सांगा, "कडेचे फोटो काढून ठेवा आणि नाव लिहून ठेवा." चांदी जाते, नाव तरी घरात राहतं.

आजचं काम

गावाहून निघायच्या आदल्या रात्री मी आजीसमोर मोबाइल ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिली पाच मिनिटं ती लाजली. मग चाळीस मिनिटं बोलली. पणजोबा परत आले तेव्हा त्यांना कुणी ओळखलं नाही, घरात त्यांचं दहावं घालायची बोलणी झाली होती, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तिनंही ते तिच्या सासूकडून ऐकलेलं. बाबांनाही ठाऊक नव्हतं. ते रेकॉर्डिंग मी उतरवून काढलं, छापलं आणि डब्यात ठेवलं. तारा, विजयदेवता, रिकामी फीत, वाळे आणि चार पानं.

तुम्हीही या रविवारी एवढंच करा. डबा काढा. पदक आडवं धरून कड वाचा. मग ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्यांना बोलू द्या.

पुढच्या वेळी आपण आजीच्या ट्रंकेतली लुगडी बाहेर काढणार आहोत. तोवर डबा नीट ठेवा, आणि हो, घासू नका!